छिद्र पडत नाही, राहतं

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न डॉक्टरांना नाही, बाळाच्या आईला विचारला जातो. ग्रहणात भाजी चिरली होतीस का? सातव्या महिन्यात एसटीने माहेरी गेलीस, तेव्हाच म्हटलं होतं. पाण्याची कळशी उचलू नको म्हणून सांगत होते ना? विचारणारी माणसं वाईट असतात असं नाही, बहुतेक वेळा ती घाबरलेली असतात. पण जिचे टाके अजून ओले आहेत आणि जिचं बाळ काचेच्या पेटीत आहे, त्या बाईने या प्रश्नांचं काय करायचं?

आमच्याच नात्यात हे झालं. नावगाव सांगत नाही. छिद्र लहान होतं, बाळ आता छान रांगतंय. पण तेव्हा त्या मुलीने मला फोन करून विचारलं, "काका, खरं सांगा, माझ्याकडून नेमकं काय झालं?" मी डॉक्टर नाही. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि गर्भाची वाढ हा माझा सगळ्यात आवडीचा भाग. तिला फोनवर तासभर जे सांगितलं ते जरा नीट करून इथे लिहितोय, कारण त्यातून पुढे आपल्या आरोग्यव्यवस्थेबद्दल एक प्रश्न उभा राहतो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी शब्दाचंच बघू. आपण म्हणतो "हृदयाला छिद्र पडलं". पत्र्याच्या डब्याला भोक पडतं तसं. धक्का बसला, काहीतरी लागलं, भोक पडलं. एकदा हे चित्र डोक्यात बसलं की धक्का कुणी दिला हे शोधणं आलंच. प्रत्यक्षात होतं असं की गर्भाच्या हृदयात सुरुवातीला मधली भिंत नसतेच. सगळा एकच पोकळ नळीसारखा प्रकार असतो. मग भिंती वाढत जातात, एकमेकींना येऊन मिळतात आणि चार कप्पे तयार होतात. ती भिंत शेवटपर्यंत पोचली नाही तर फट राहते. गवंड्याकडून वरचे दोन थर राहून गेले तर भिंतीला भोक पडलं असं आपण म्हणत नाही. छिद्र पडत नाही, राहतं. (वरच्या दोन कप्प्यांमधली एक वाट तर जन्मापर्यंत उघडी असावीच लागते, कारण पोटात असताना बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही. ती वाट जन्मानंतर मिटते.)

आता ही भिंत वाढते म्हणजे काय होतं? इथे खरी गंमत आहे.

आमच्या प्रॅक्टिकलला आम्ही कोंबडीची उबवलेली अंडी वापरायचो. दोन दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला वरून रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी पाडली की पिवळ्या बलकावर लाल रेषांची जाळी दिसते आणि मधोमध एक ठिपका उडत असतो. तेच हृदय. मुलं एरवी मागच्या बाकावर मोबाइल बघतात, पण हा ठिपका बघायला सगळी रांगेत. तिसाव्या तासाच्या आसपासचं अंडं पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. हृदय एका जागी सुरू होत नाही. गर्भाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला पेशींचा एकेक पट्टा असतो. ते दोन्ही पट्टे सरकत सरकत मध्यावर येतात, जुळतात आणि त्यांची एक नळी होते. माणसातही असंच होतं. सरकायचं तर पायाखाली धरायला काहीतरी लागतं, आणि जुळायचं तर एकमेकांचा हात धरावा लागतो. पेशींच्या बाबतीत ही दोन्ही कामं करतात ती पेशींच्या पृष्ठभागावरची आणि त्यांच्या भोवतीची चिकटवणारी प्रथिनं. माझं आजचं सगळं सांगणं त्यांच्याबद्दल आहे.

पेशी एकमेकींना ओळखतात आणि धरतात, हे तसं जुनं ज्ञान. १९०७ साली अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या. पाण्यात ठेवल्यावर त्या पुन्हा एकत्र आल्या आणि परत स्पंज तयार झाला. पण धरतात कशाने? त्याचं एक मोठं उत्तर मिळालं ते १९७०च्या दशकात जपानच्या मासातोशी ताकेइची यांना, आणि तेसुद्धा एका अडचणीतून. पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य वापरतात. ताकेइची जपानमध्ये जे ट्रिप्सिन वापरायचे, त्यातून निघालेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटत. ते काही काळ अमेरिकेत काम करायला गेले, तर तिथे पेशी चिकटेचनात. शोध घेतला तेव्हा कळलं की तिथल्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम शोषून घेणारं एक रसायन घातलेलं होतं. कॅल्शियम असेपर्यंत ही प्रथिनं ताठ उभी राहतात आणि ट्रिप्सिनलाही दाद देत नाहीत. कॅल्शियम गेलं की मऊ पडतात आणि कापली जातात. पुढे या प्रथिनांना कॅडहेरिन असं नाव पडलं. दोन शेजारच्या पेशींवरची कॅडहेरिनं एकमेकांत अडकतात, बॅगेच्या चेनचे दात अडकतात तशी. आणि दात सारखेच लागतात: एका जातीचं कॅडहेरिन शक्यतो स्वतःच्याच जातीला धरतं.

(कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, म्हणून आताच सांगतो: कॅल्शियमच्या गोळ्या जास्त खाल्ल्याने हृदयाच्या भिंती जास्त चिकटत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच ठरावीक पातळीला ठेवतं. गोळ्या आईच्या हाडांसाठी आणि रक्तदाबासाठी आहेत, डॉक्टर सांगतील तेवढ्या घ्या.)

हृदयाच्या पेशी जे कॅडहेरिन वापरतात त्याला एन-कॅडहेरिन म्हणतात. १९९७ साली शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात हे प्रथिन बनतच नाही. मला हा प्रयोग शिकवताना दरवेळी थांबावंसं वाटायचं. त्या गर्भांमध्ये हृदय तयार व्हायला सुरुवात झाली होती. स्नायूच्या पेशी तयार होत्या. आणि मग ते हृदय विस्कटलं. पेशी एकमेकींपासून सुटल्या, गोल झाल्या, आणि दहाव्या दिवसाच्या सुमाराला गर्भ संपला. चार वर्षांनी त्याच धाग्यावर पुढचा प्रयोग झाला. अशाच उंदरांच्या हृदयात त्यांनी एन-कॅडहेरिनऐवजी दुसरंच, ई-कॅडहेरिन, बनवायला लावलं. हे एरवी त्वचेसारख्या अस्तराच्या पेशींमध्ये असतं. तर हृदय टिकलं! नळी वळली, ठोके पडले. बाकीचा गर्भ वाचला नाही, पण हृदयापुरतं उत्तर मिळालं: त्या टप्प्याला कोणत्या हाताने धरलंय यापेक्षा धरलंय की नाही याला महत्त्व होतं.

पायाखालच्या जमिनीचंही तसंच. फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन पेशींच्या खाली जाळीसारखं पसरलेलं असतं आणि सरकणाऱ्या पेशी त्याला धरून पुढे जातात. झेब्राफिश नावाच्या छोट्या माशात हे प्रथिन बिघडलं तर दोन बाजूंचे पट्टे मध्यावर पोचतच नाहीत, आणि माशाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन अर्धवट हृदयं होतात. हृदयाच्या बाहेरचं पातळ आवरणही आयतं नसतं. शेजारून पेशींचा एक घोळका येतो आणि हृदयावर चादरीसारखा पसरतो. उंदरात त्या पेशींवरचं एक पकड प्रथिन किंवा हृदयाच्या पृष्ठभागावरचा त्याचा जोडीदार काढून टाकला तर चादर बसत नाही, आणि त्या चादरीतून तयार होणाऱ्या हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याही होत नाहीत.

आतापर्यंत वाटेल की घट्ट धरून ठेवलं की काम झालं. तसं नाही, आणि भिंतीच्या बाबतीत तर अजिबात नाही. हृदयाच्या नळीला आतून एक अस्तर असतं. ठरावीक जागी, ठरावीक वेळी त्या अस्तरातल्या काही पेशींना हुकूम येतो: हात सोडा. त्या पेशी शेजारणींना धरून ठेवणारी कॅडहेरिनं कमी करतात, अस्तरातून सुटतात आणि आतल्या चिकट जेलीसारख्या थरात शिरतात. तिथे त्यांची उशीसारखी गादी तयार होते. समोरासमोरच्या दोन गाद्या वाढत येऊन एकमेकींना भिडतात. याच गाद्यांतून हृदयाच्या झडपा होतात आणि भिंतीचा मधला भाग होतो. मोठ्या रक्तवाहिन्या जिथून निघतात तिथली भिंत बांधायला तर पेशी पार पाठीकडून, मज्जारज्जू जिथे तयार होतो त्या कडेवरून चालत येतात. म्हणजे सोडणं, चालणं आणि योग्य जागी आल्यावर पुन्हा धरणं. हे सगळं वेळेवर.

लग्नाच्या वरातीत लेझीम खेळताना एकाची पावली चुकली तरी खेळ चालू राहतो. इथे कधीकधी चालत नाही. आणि तरीसुद्धा बहुतेक वेळा सगळं नीट होतं, हे मला आजही नवलच वाटतं. जगभरात हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातले कितीतरी किरकोळ असतात. खालच्या दोन कप्प्यांमधली लहान फट तर पुष्कळदा आपोआप बुजते.

इथे एक सावधगिरी. छिद्र असलेल्या प्रत्येक बाळात एन-कॅडहेरिन बिघडलेलं असतं असं समजू नका. ते पूर्ण नसेल तर बाळ जन्मापर्यंत पोचणारच नाही. बहुतेक बाळांत ही प्रथिनं धडधाकट असतात, गडबड असते ती कधी धरायचं आणि कधी सोडायचं या हुकमांमध्ये. ते हुकूम देणारी काही जनुकं माहीत झाली आहेत. एका घराण्यात अंगठ्याचा दोष आणि हृदयातलं छिद्र पिढ्यान्‌पिढ्या एकत्र दिसतं, ते टीबीएक्स-५ नावाच्या जनुकामुळे. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र एक जादा असतं आणि अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात दोष सापडतो, त्यातही त्या गाद्या नीट न जुळल्याचा दोष जास्त. पण अनेक बाळांच्या बाबतीत एकच एक कारण हाताला लागत नाही. डॉक्टर "कारण सांगता येत नाही" म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात.

आता कॅलेंडर बघा. माणसाच्या गर्भाचं हृदय गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी धडधडायला लागतं. अठ्ठावीस दिवसांची पाळी धरली तर त्या दिवशी बाईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. कित्येकींना शंकाही आलेली नसते. कप्प्यांच्या भिंती पूर्ण होतात गर्भधारणेनंतर सातव्या-आठव्या आठवड्यात. म्हणजे पाळी चुकल्यापासून पाच-सहा आठवड्यांत हृदयाचं मुख्य बांधकाम संपतं. पाचव्या महिन्यातलं ग्रहण, सातव्या महिन्यातली एसटी, आठव्या महिन्यातली कळशी यांनी ती भिंत कशी पाडायची? तेव्हा गवंडी काम उरकून घरी गेलेला असतो. त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की तुझं डोहाळजेवण झालं तेव्हा ती फट आधीच तिथे होती. ती बराच वेळ काही बोलली नाही.

पण याच कॅलेंडरला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या सगळ्यांना अडचणीत टाकणारी आहे. आपल्या सरकारी यंत्रणेत गरोदरपणाची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली तर ती लवकर झाली असं धरतात. हे बारा आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. आशाताई धावपळ करून, घरोघर जाऊन ही नोंद करतात, आणि त्यांचं त्याबद्दल कौतुकच आहे. पण बाराव्या आठवड्याला कार्ड हातात येतं तेव्हा हृदय तयार होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. हृदयापुरतं बोलायचं तर आपली काळजी बांधकाम संपल्यावर सुरू होते. काही करण्यासारखं असेल तर ते दिवस जायच्या आधी.

करण्यासारखं आहे का? आहे, थोडं पण पक्कं आहे. रुबेला घ्या. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता, आणि यातल्या बऱ्याच बाळांच्या हृदयातही दोष होता. आईला होतं काय, तर बारीक ताप आणि दोन दिवस पुरळ. यावर लस आहे. गोव्यात गोवर-रुबेलाची मोहीम २०१७ साली पहिल्याच टप्प्यात झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये, नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तेव्हा व्हॉट्सअॅपवर काय काय फिरत होतं ते आठवत असेल. काही पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेतच पाठवलं नाही. त्या मुली आता लग्नाच्या वयाच्या झाल्या किंवा होतायत. आणि २०१८ साली ज्या पंधरा वर्षांच्या पुढे होत्या त्या मोहिमेत नव्हत्याच. त्यांना कुणी विचारलंय, तुला ही लस मिळाली होती का? दिवस गेल्यावर ही लस देता येत नाही. घेतल्यावरही महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात. म्हणजे वेळ आधीचीच. लग्न ठरवताना पत्रिका बघायला आपण दोन-दोन ज्योतिषी गाठतो, हे एक इंजेक्शन कुणाच्या यादीत नसतं.

दुसरं म्हणजे साखर. ज्या बाईला आधीपासून मधुमेह आहे आणि दिवस जाताना साखर आटोक्यात नाही, तिच्या बाळाच्या हृदयात दोष असण्याची शक्यता बरीच वाढते. आपल्याकडे पंचविशी-तिशीतल्या बायकांची साखर तपासली जाते ती गरोदर राहिल्यावर. तिसरं, औषधं. फिट्सवरची काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट, आणि मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या. ही दुसरी अ जीवनसत्त्वाच्या कुळातली, आणि पेशींना हुकूम देण्याचं काम याच कुळातलं एक द्रव्य गर्भात करत असतं, त्यामुळे बाहेरून आलेल्या गोळीने गोंधळ उडतो. पण फिट्सची गोळी मनाने बंद करू नका, त्यात आईच्या जिवाला धोका आहे. डॉक्टरांना आधी सांगा की आम्ही मूल होऊ द्यायचा विचार करतोय, ते गोळी बदलतात. फॉलिक अॅसिडही दिवस जायच्या आधीपासून घ्यायचं असतं. पाठीच्या कण्याच्या दोषासाठी त्याचा फायदा पक्का सिद्ध झालाय, हृदयासाठी पुरावा तेवढा भक्कम नाही, पण गोळी स्वस्त आहे आणि कारण एक पुरेसं आहे. आणि नात्यातलं लग्न. मामाच्या मुलीचा विषय काढला की आमच्या भागात लोक नाराज होतात, म्हणून एवढंच लिहितो की धोका थोडा वाढतो, हे लग्नाआधी माहीत असावं.

यातल्या बहुतेक गोष्टी नवऱ्याच्या, सासूच्या, डॉक्टरच्या आणि ग्रामपंचायतीच्या हातातल्याही आहेत. एकट्या त्या मुलीच्या नाहीत.

दोष राहिलाच तर तो कधी सापडतो, हाही सार्वजनिक प्रश्न आहे. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे बघतात, शंका आली तर गर्भाचा इको करतात. पूर्वी कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती, म्हणजे निदान आणि मर्यादा एकाच आठवड्यात येऊन आदळायची. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष सापडलेला, आठवडे वीसच्या पुढे गेलेले, आणि परवानगी नाकारली गेली. २०२१ च्या दुरुस्तीने मर्यादा ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवडे झाली, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ निर्णय घेऊ शकतं. कायदा सुधारला. पण तालुक्याच्या गावी ही सोनोग्राफी नीट करणारा माणूस किती किलोमीटरवर आहे, हे आपापल्या तालुक्यात विचारून बघा.

जन्मानंतरची एक सोपी गोष्ट तर मला कळतच नाही की सगळीकडे का होत नाही. कोविडमध्ये बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरात आला. तान्ह्या बाळासाठी तसाच लहान सेन्सर असतो. जन्मानंतर एक दिवसाने तो उजव्या हाताला आणि एका पायाला लावला तर ज्या दोषांमुळे रक्तातला ऑक्सिजन कमी पडतो असे अनेक गंभीर दोष घरी जायच्या आधी पकडता येतात. साधी फट त्यात सापडत नाही, पण जी बाळं आठवडाभरात अचानक निळी पडतात त्यांच्यातली पुष्कळ सापडतात. पाच मिनिटांचं काम आहे. ग्रामीण रुग्णालयातून प्रत्येक बाळ सोडताना कार्डावर हे दोन आकडे लिहिलेले असावेत, एवढी मागणी ग्रामसभेत करता येईल की नाही?

आणि जे आहे ते वापरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, आणि जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. पथक येणार त्या दिवशी मुलाला अंगणवाडीत न्या, शेतावर नको. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही बसतात. दूध पिताना बाळ दमत असेल, कपाळाला घाम येत असेल, श्वास भराभर चालत असेल, वजन वाढत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर दृष्ट काढून झाल्यावर का होईना, पण त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

तुमच्या गावच्या रुग्णालयात बाळ सोडताना ऑक्सिजन तपासतात का, ते कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा, पेशंटचं नाव नको. मी यादी करून जिल्हा परिषदेच्या आमच्या सदस्यांकडे देणार आहे. औषधांबद्दल मात्र मला इनबॉक्समध्ये विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.